आईचं जुनेर

दुकानातल्या बाईने काउंटरवर बाळाचे कपडे मांडायला घेतले तेव्हाच मी दिनकरला मराठीत बजावलं, "बघायचं, निवडायचं. घरी काही न्यायचं नाही."

"अगं, ती म्हणतेय सातवा संपत आला, आता उशीर करू नका."

"तिचं तिच्यापाशी. पोर जन्माला यायच्या आधी त्याचे नवे कपडे घरात आणत नाहीत. अहो, एवढंही तुमच्या आईनं शिकवलं नाही?"

दिनकर काउंटरपासून मागे सरला. ड्युसेलडॉर्फच्या एका यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर माणूस, पण आईचं नाव काढलं की दोन पावलं मागे. आमच्यासोबत फ्राऊ केसेल होती, आमची घरमालकीण. तिचा दुकानांवर विश्वास नव्हता आणि दिनकरवर तर नव्हताच. क्लिनिकने दिलेली यादी तिने स्वतःच्या हातात ठेवली होती.

एकसष्ट साल होतं. युद्धात सगळं गमावून बसलेले लोक आता नव्याला हपापले होते. नवं फर्निचर, नवे पडदे, नवे दात. दुकानातल्या बाईने आधी लेसची उशी काढली, तिच्यात म्हणे बाळ खोचून ठेवायचं. फ्राऊ केसेलने मान हलवली. मीही हलवली. मग साटिनचं टोपडं. दोघींनी मान हलवली. मग चिमुकले चामडी बूट आले.

"चालतं का ते जन्मल्याबरोबर?" फ्राऊ केसेल म्हणाली. "तुमच्याकडची पोरं चालतात?" हे मला.

"उडतात," मी म्हटलं. माझं जर्मन तेवढं होतं.

मग खरी निवड सुरू झाली. फ्राऊ केसेलने एक बंडी उलटी केली आणि तिची शिवण स्वतःच्या मानेवर घासून बघितली. शिवण बाहेरच्या बाजूने असलेलीच घ्यायची, आत टोचणारी नको. बाळुत्यांच्या दोन डझन घड्या, कारण हिवाळ्यात तळघरात काही वाळत नाही. लोकरीचे मोजे, रबराची चादर, बेंबीला बांधायच्या पट्ट्या. दिनकरचा जीव एका निळ्या चकचकीत बाबागाडीवर जडला होता. तिला हात लावून तो उभा राहिला होता, जणू त्याचीच आहे.

"तिसरा मजला," फ्राऊ केसेल त्याला म्हणाली. "रोज वर कोण उचलणार? तुम्ही कारखान्यात. पोर पहिले महिने कपड्यांच्या टोपलीत झोपतं. माझी मुलगी झोपली. जिवंत आहे."

दुकानातल्या बाईला मी घरी काही नेणार नाही हे कळल्यावर तिने खांदे उडवले. "आल्झो, बरं तर," ती म्हणाली, "बांधून ठेवते. बाळ आलं की बाप येऊन घेऊन जाईल." तिने खोक्यावर आमचं नाव लिहिलं. मला बरं वाटलं. या देशात देवाचं ऐकत नाहीत, पण गिऱ्हाईकाचं ऐकतात.

यादीत शेवटी एक ओळ राहिली होती, बाळ गुंडाळायचं मऊ कापड. फ्राऊ केसेलने लोकरीची शाल पुढे केली.

"ते माझ्या घरून येणार आहे," मी म्हटलं.

माझं घर म्हणजे सिन्नर. माझी आई विड्या वळते. लोकांना हे सांगायला दिनकरला जड जातं, मला जात नाही. सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसायचं, पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा. तिने आम्हा चार भावंडांना असंच वाढवलं. तिचं एक हिरवं लुगडं होतं, माझ्या लग्नाच्या आधीपासूनचं. मधे विरलं तेव्हा तिने मधला भाग कापून काढला, उरलेले तुकडे दंड घालून जोडले आणि परत नेसायला घेतलं. हाताला लागत नव्हतं इतकं मऊ झालेलं. माझ्या धाकट्या भावाला मी त्याच लुगड्याच्या पदराखाली झोपवलंय.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं. माझं होणार नव्हतं. बोटीचे आठवडे, डॉक्टरची मनाई, आणि गेले असते तरी एवढंसं पोर घेऊन परत कशी येणार. आई इकडे यायची गोष्ट तर कुणी काढतही नव्हतं. पोटावर हात ठेवून मी खिडकीत बसायचे आणि तिला हाक मारावीशी वाटायचं. तोंडातल्या तोंडात मारायचेसुद्धा. मला आई मिळणार नव्हती. निदान तिच्या अंगावरचं कापड माझ्या पोराच्या अंगाला सगळ्यात आधी लागावं, एवढं मी ठरवलं होतं. पत्रातून निरोप धाडला होता, तुझं ते हिरवं जुनेर पाठव, बाकी काही नको.

आमच्या इथल्या मराठी मंडळींत वीणाताई मोठ्या. नवरा डॉक्टर. त्यांच्याकडे चहाला गेले असताना हे बोलून बसले.

"जुनेर? सरला, अगं इथं? जर्म्स असतात त्यात."

"आम्ही चौघं त्याच जर्म्समध्ये वाढलो."

"तेच म्हणतेय मी," वीणाताई म्हणाल्या आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"वीणाताई, तुमची बाळुती काय मखमलीची होती का? तुमच्या आजीच्या लुगड्यांचीच असणार. फक्त तुम्हाला आठवत नाही, सोयीचं असतं ते."

त्यानंतर त्यांनी मला बोलावलं नाही. अळिवाचे लाडू मात्र दिनकरच्या हाती पाठवले. ते मी खाल्ले.

ऑक्टोबरात भास्कर आला. सिन्नरच्या हेडमास्तरांचा मुलगा, आखेनला इंजिनियरिंग शिकायला निघालेला. आमच्याकडे एक मुक्काम करून पुढे जाणार होता. दारातच त्याने ट्रंक उघडली आणि तपकिरी कागदातलं पार्सल दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलं.

"सरलाताई, घ्या. घडीसुद्धा मोडू दिली नाही मी. बोटीवर उशाखाली ठेवत होतो."

मी उभ्या उभ्या कागद फाडला. आत हिरवं लुगडं होतं. नवंकोरं. कांजीनं कडक, काठाला गिरणीचा शिक्का, वर कागदाचं लेबल अजून चिकटलेलं.

मी खाली कागदात बघितलं, ट्रंकेत बघितलं. "आणि ते?"

"कोणतं?"

"जुनं. मी जुनं मागितलं होतं, भास्कर."

भास्करने मान खाली घातली. "मी म्हटलं हो मावशींना. आमच्या वडिलांनी निरोप वाचून दाखवला तेव्हा मी तिथंच होतो. सरलाताई जुनं म्हणतायत, असं दोनदा म्हटलं. तर मावशी म्हणाल्या, मास्तर, तुमचं काहीतरी वाचायला चुकलं. जर्मनीच्या दवाखान्यात फाटकं लुगडं? गोऱ्या बाया बघतील, म्हणतील विडीवालीची लेक आहे."

"मग आहेच की!"

"ते मी नाही म्हणालो."

"कुठं आहे ते जुनं? टाकलं?"

भास्कर बूट काढण्यात गुंतला. "टाकलं कसलं," तो खाली बघूनच म्हणाला. "नेसून आल्या होत्या ना. तेच नेसून हे द्यायला आल्या. आमच्या ओट्यावर उभ्या होत्या."

म्हणजे ते लुगडं त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. आणि त्या लुगड्यात आई होती. भास्करने ते पाहिलं, मी नाही. मला रडू यायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणी शिकवली हिला ही लाज? जन्मभर दुसऱ्याच्या विड्या वळल्या, कधी कुणाचं चोरून घेतलं नाही, आणि लाज हिला. विकत घेऊन ओढणाऱ्यांना नाही, कारखान्याच्या मालकाला नाही, हिला. मी भास्करला पोटभर जेवायला घातलं, पण भांडी आपटत आपटत. पोरगं बिचारं घाबरून तीन वेळा "छान झालंय" म्हणालं.

भास्कर गेल्यावर दिनकर म्हणाला, "आता हेच वापरू. फाडून तुकडे करू."

"नवं लुगडं फाडू? आईनं पाठवलेलं?"

"मग ठेवून दे."

"ठेवून काय करू? आरती?"

मग मला सुचलं. आईने जुनं पाठवलं नाही ना, मी करते जुनं. दुसऱ्या दिवसापासून मी ते घरात नेसायला लागले. भांडी, केर, स्वयंपाक, सगळं त्याच्यात. कांजी टोचायची, पोटावर ओचा मावायचा नाही. झोपताना ते अंथरायचे. अर्धं दिनकरच्या अंगाखाली सरकवायचे.

"मी पण?" तो म्हणायचा.

"तुमचं पण पोर आहे. लोळा."

बिचारा लोळायचा. कूस बदलली की कापड कागदासारखं वाजायचं आणि आम्ही दोघं हसायचो. मी रोज बोटांत धरून बघायचे. मऊ होत नव्हतं. महिन्याभरात कांजी गेली एवढंच. कापड पाण्यानं मऊ होत नाही, वर्षांनी होतं, आणि वर्षं कुठून आणणार? तरी मी सोडलं नाही.

नोव्हेंबरात धुण्याचा दिवस आला. तळघरात धुण्याची खोली होती, वाशक्युखे म्हणतात तिला. खाली जाळ, वर तांब्याचा मोठा हंडा, त्यात पांढरे कपडे उकळायचे. फ्राऊ केसेलच्या चादरी आत खदखदत होत्या. मी माझ्या बादलीत लुगडं घेऊन कोपऱ्यात घासायला बसणार, तर तिने बादली ओढली.

"या पोटानं वाकता? द्या इकडे, यातच टाकते."

"नको, फ्राऊ केसेल. रंग जातो त्याचा."

"चांगलं कापड रंग सोडत नाही, फ्राऊ याग्टाप." जगतापचं तिने एवढंच ठेवलं होतं.

"आमचं सोडतं."

"तुमच्या आईनं पाठवलंय ना? मग चांगलंच असणार." आणि तिने ते हंड्यात सोडून लाकडी काठीने खाली दाबलं.

आम्ही दोघी बघत राहिलो. आधी फेसावर एक हिरवी रेघ आली. मग सगळा हंडाच हिरवा झाला. फ्राऊ केसेलने काठीने एक चादर वर उचलली. कोपऱ्यात भरलेली तिच्या नावाची अक्षरं होती, लग्नाच्या आधीची. युद्धानंतरच्या भुकेच्या वर्षांत तिने बाकीच्या चादरी खेड्यात नेऊन बटाट्यांच्या बदल्यात दिल्या होत्या. उरलेल्या दोन या. त्यातून आता कैरीच्या पन्ह्यासारखं पाणी गळत होतं.

मला वाटलं आता घराबाहेर काढणार. काठीवरची चादर गार पाण्यात टाकून ती उलट्या टबावर बसली.

"सांगितलं होतं मी," मी म्हटलं. माझी जीभ अशीच.

"हो, सांगितलं होतं." तिने चादर पिळली. "माझी मुलगी पंचेचाळीस साली झाली. तळघरात, याच घराच्या. पडद्याच्या अस्तरात गुंडाळली होती. तुम्ही चिंध्या मागत होतात तेव्हा मला तुमचा राग यायचा. म्हटलं, हिला कळत नाही चिंध्या म्हणजे काय."

मी तिच्या हातातलं चादरीचं टोक घेतलं. हाताला लागत नव्हतं. पंचवीस वर्षं झोपलेल्या माणसांनी मऊ केलेलं. मी ते सोडलंच नाही.

फ्राऊ केसेलने माझ्याकडे बघितलं, मग टोकाकडे. "पलंगावर हिरवी चादर मी घालणार नाही," ती म्हणाली. "कात्री वर आहे."

जुनं कापड फाटताना आवाज करत नाही. आम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसून ती चादर फाडली, तिने तुकड्यांच्या कडा शिवल्या.

डिसेंबरात मुलगी झाली. क्लिनिकमधल्या सिस्टरला मी आधीच सांगून ठेवलं होतं, पहिल्यांदा यातच गुंडाळा. ती म्हणाली, उकळलंय का? मी म्हटलं, विचारू नका किती. तिने मुलीला त्यात बांधून माझ्या हातात दिली. दुसऱ्या सिस्टर हिरवं बाळ बघायला येऊन गेल्या. मुलगी शांत झोपली होती. मी कापडावरून हात फिरवत राहिले. रंग आईच्या लुगड्याचा होता. मऊपणा एका परक्या बाईचा. वाईट नव्हता, तिच्यावर माझा राग नाही. पण डोळे मिटले की मला हेडमास्तरांचा ओटा दिसायचा आणि त्यावर उभी असलेली ती, जुन्यातली.

दिनकर दुकानातून खोकं घेऊन आला, बंड्या मोजून माझ्या उशाशी ठेवल्या आणि माझ्या आईला कळवायला कागद घेऊन बसला. "मुलगी झाली, दोघी सुखरूप, हे लिहिलं. आणखी काय लिहू?"

"लिहा, लुगडं पोचलं. दवाखान्यात गोऱ्या बाया बघायला आल्या. म्हणाल्या, रंग फार छान."

"हे खरंच म्हणाल्या?"

"एक म्हणाली. लिहा."

त्याने लिहिलं.

"आणि लिहा, ते नवं मी नेसतेय. आता तूही नवं घे, आणि अंगावरचं सोडून मला पाठव. धुऊ नकोस. दंड उसवू नकोस. आहे तसं."

दिनकरने पेन थांबवलं. "सरला, त्यांना वाईट वाटेल. परत तेच."

"वाटू दे. मला काय कमी वाटतंय? आणि खाली लिहा, पाठवलं नाहीस तर पोरीला चालता येऊ दे, मी तिला घेऊन सिन्नरला येईन आणि तुझ्या अंगावरून ओढून घेईन, भर गल्लीत."

दिनकर हसला. मग माझ्याकडे बघून त्याने ते सगळं लिहिलं, एक शब्दही न बदलता.