दोरीवरचा कागद

आमच्या विद्यार्थी घरात एकशे वीस पोरं-पोरी राहतात आणि कारभारही आम्हीच बघतो. ना भाडं, ना वॉर्डन. गावाकडच्यांना मोरेलिया शहरातल्या सरकारी विद्यापीठात शिकायचं तर दुसरं छप्पर नाही, म्हणून सगळं गपगुमान पाळायचं. मोर्चाला जायचं, दारावर पहारा द्यायचा, सभेत हात वर करायचा. कोणाला ठेवायचं, कोणाला काढायचं, सगळं हात मोजून ठरतं.

एवेलिओ समितीचा प्रमुख. प्रत्येक खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडे. तपासणी म्हणून तो मुलींच्या खोलीत न ठोठावता शिरायचा, पलंगावर बसायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही. मारिक्रूस आणि मी चौदा नंबरच्या खोलीत होतो. आम्ही वर्गातला एक लोखंडी बाक उचलून आणला आणि आतून दाराला लावायला लागलो. वर्गात चाळीस जणांच्या जागेत नव्वद जण कोंबलेले, निम्मे जमिनीवरच. एक बाक गेल्याचं सरांना कळलंसुद्धा नाही.

मार्चमध्ये मुलींनी कायदा शाखेच्या अंगणात दोरी बांधली. दरवर्षी बांधतात. ज्याने त्रास दिला त्याचं नाव कागदावर लिहायचं आणि चिमट्याने अडकवायचं, स्वतःचं नाव घालायचं नाही. तीन दिवस मी दोरीजवळ नुसत्या येरझाऱ्या घातल्या. अन्न गोड लागेना, व्याख्यानात लक्ष लागेना. शेवटी स्वतःचाच इतका संताप आला की वहीतला पाठकोरा कागद ओढला, लिहिलं, 'एवेलिओ न विचारता खोलीत शिरतो. त्याच्याकडून किल्ल्या काढून घ्या,' आणि अडकवून पळाले.

आमच्या घरात कोरा कागद वापरणं म्हणजे पाप. सगळं पहाऱ्याच्या जुन्या छापील चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्यावर. दुपारी वाऱ्याने कागद उलटला आणि मागचं छापील साऱ्या अंगणाने वाचलं: 'खोली चौदा. पहारा, मंगळवार सकाळ.' इतकी गाढव मीच असू शकते.

दुसऱ्या दिवशी सभा भरली.

"साथींनो," एवेलिओ म्हणाला, "घरातली गोष्ट बाहेर टांगणारीला घरात ठेवायचं का? चौदा नंबर, दोघींपैकी कोण?"

"मी," मी उठले. "आणि लिहिलंय ते खरं आहे."

"असं? मारिक्रूस, तूही तिथेच राहतेस. मी कधी न विचारता आलो का गं?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती बोटं मोडत बसली होती.

"नाही," ती म्हणाली.

एकसष्ट हात वर झाले. संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करायची.

मी सामान भरत असताना मारिक्रूस दारात उभी राहिली. "युनुएन, मला अजून दोन वर्षं काढायचीत गं. गावी परत पाठवलं तर बाबा लग्न लावून मोकळे होतील."

"माहितीये मला."

"शिव्या तरी घाल ना!"

"वेळ नाहीये," मी म्हटलं. खरं तर तोंड उघडलं असतं तर रडले असते. दोन वर्षं एका ताटात जेवलो होतो आम्ही.

बॅग घेऊन फाटकाबाहेर आले. कुठे जायचं ते ठरेना. बसथांब्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. तिचा राग यायला हवा होता, पण डोक्यात एकच घोळत होतं, की आता त्या खोलीत ती एकटी आहे. फाटकाशी परतले तेव्हा वरच्या मजल्यावरून एवेलिओचा आवाज आला, "चौदा नंबर, जागा रिकामी झाली का बघायला आलोय!" मग दार लागल्याचा आवाज आला.

मी बॅग रस्त्यावर टाकली आणि आत शिरले.

पहाऱ्यावरचा ओरडला, "ए बाई, तू आता इथली नाहीस! सभेने ठरवलंय!"

"मग घे परत सभा," मी म्हटलं आणि जिना चढायला लागले.