गॅलरीखालचं गाढव

इमारतीचा दर्शनी भाग सपाट करायचा आणि वर चकचकीत पत्रे ठोकायचे, असं सोसायटीत जवळजवळ ठरलंच होतं. मावशीचं मात्र डोकं फिरलं. गॅलऱ्यांखालची ती नक्षी तिच्या बापाच्या हातची. गवंडीच तो, पण चार वेलबुट्ट्या काढून गप्प बसणारा नव्हे. ज्याचं घर, त्याचा धंदा त्यानं चुन्यात काढून ठेवला होता. शिंप्याच्या गॅलरीखाली कात्री, पोस्टमनच्या खाली थैली. शिंपी जाऊन चाळीस वर्षं झाली, आता तिथं दातांचा डॉक्टर राहतो, तरी अख्खी गल्ली त्याला कात्रीवाला डॉक्टरच म्हणते. पेशंट बिचारे दचकतात, ते वेगळं.

आणि अध्यक्षांच्या गॅलरीखाली गाढव. तिथला पहिला मालक गाढवांवरून विटा वाहायचा. अध्यक्ष बँकेतले मोठे साहेब, पण पोरंसोरं त्यांना गाढववाले काकाच म्हणायची. सगळ्या सुधारणेचं मूळ तिथं होतं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

“हे कधी कुणाच्या डोक्यात पडेल, सांगता येत नाही,” अध्यक्ष सभेत म्हणाले.

“मग वाजवून बघू,” मावशी म्हणाली. तिनंही जन्मभर प्लास्टरचंच काम केलं होतं. “पोकळ वाजेल ते मी स्वतः फोडते. भरीव असेल त्याला कुणी हात लावायचा नाही.”

सभेला ते पटलं. रविवारी सकाळी परांची बांधली. मावशी पासष्टीची, गुडघे कुरकुरत होते, तरी पदर खोचून चढली. हातोडीच्या दांड्यानं ठोकायचं आणि कान द्यायचा. कात्री भरीव. थैली भरीव. गाढवापाशी आली तसे अध्यक्ष गॅलरीतून वाकले.

“मावशी, एवढं एक पोकळ म्हणा,” ते हळूच म्हणाले. “बाकीचं राहू देतो. नाहीतर उद्या इंजिनिअर आणून सगळंच पाडायला लावीन.”

एक गाढव गेलं तर काय आभाळ कोसळणार आहे, असं मावशीच्याही मनात येऊन गेलं. तिनं ठोकलं. खणखणीत.

“भरीव आहे, साहेब. खोटं मी बोलायची नाही. आणा तुमचा इंजिनिअर.”

राहिली तिची स्वतःची गॅलरी. तिथं बापानं थापी धरलेला आपलाच हात काढला होता. मावशीनं ठोकलं. बद्द. जरा बाजूला ठोकलं. बद्दच. लोकांची कामं जीव ओतून करणाऱ्या माणसानं घरचं मात्र उरल्यासुरल्या मालात उरकलं होतं. तिला त्याचा रागही आला आणि रडूही आलं.

खाली उभ्या असलेल्या कुणाला त्या आवाजातलं काही कळलं नसतं.

“हे पोकळ आहे,” ती म्हणाली. “बाजूला व्हा सगळे.”

तिनं छिन्नी लावली. तिसऱ्या घावाला बापाचा हात सुटला आणि खाली पडून त्याचा चुरा झाला. अध्यक्ष जिना उतरून आले, त्या चुऱ्याकडे बघत राहिले आणि शेवटी ठेकेदाराला म्हणाले, “पत्रे परत पाठवा. इंजिनिअर नको.”

“मावशी, आता तिथं काय काढणार?” कात्रीवाल्या डॉक्टरनं खालून विचारलं.

“आधी भिंत साफ करते. मग बघू, माझ्या हाताला काय जमतं ते.”

तिनं डोळे पुसले आणि विटांमधला जुना चुना खरवडायला घेतला.