आवाज करणारा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि माझा आवाज मोठा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या आयुष्यात जे काही बरेवाईट घडले ते या आवाजापायीच.

माझ्या पोटात एक लहानसा आरसा आहे. बटण दाबले की तो उचलला जातो, पडदा उघडून मिटतो आणि आरसा पुन्हा जागेवर आपटतो. खटाक्! ज्या जपानी कारखान्यात मी जन्मलो, तिथे आम्ही सगळेच असे वाजत होतो, त्यामुळे आपण काही वेगळे आहोत असे मला कधी वाटले नाही.

पुढे समुद्र ओलांडून मी अमेरिकेत, मिनेसोटातल्या क्लोके गावी आलो. आयली कांगास या फोटोग्राफर बाईंनी मला घेतले. लग्ने, शाळेतली मुले, हिवाळ्यात बर्फावरची हॉकी, सगळीकडे आम्ही दोघे जायचो. थंडीने माझी बॅटरी मरगळली की आयली ती काखेत धरून ऊब द्यायची. शाळेतली मुले श्वास रोखून ताठ बसत आणि माझा खटका ऐकला की खुदकन हसत. त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले.

पण आयलीचे आणखी एक काम होते. तालुक्याच्या इस्पितळात कधीकधी एखादे बाळ जन्मते, पण रडत नाही. त्याचा श्वास आधीच थांबलेला असतो. आईबापांना ते थोडाच वेळ जवळ घेता येते. अशा वेळी डोरीन नावाची नर्स फोन करायची, "आयली, येशील का गं?" आणि आयली हातातले काम टाकून निघायची. तिचा पहिला मुलगा आर्वो असाच गेला होता. त्याचा एकही फोटो तिच्याकडे नाही.

अशाच एका खोलीत मी वाजलो आणि कोपऱ्यात बसलेली आजी दचकून उभी राहिली. तिच्या हातातला पेला पडला. आयलीचा चेहरा उतरला. घरी येईपर्यंत तिने गाडीत रेडिओसुद्धा लावला नाही.

तिची मुलगी विवी म्हणाली, "आई, किती दिवस सांगतेय तुला! टाक ते धूड आता. त्याच्या आवाजाने शेजारची कुत्री भुंकतात."

"कुत्री तुझ्यावरही भुंकतात," आयली म्हणाली. पण या वेळी तिने नवा कॅमेरा मागवला.

तो आला. हलका, आरसा नसलेला, अंधारातही लख्ख पाहणारा, आणि एकदम मुका. खरे सांगतो मित्रांनो, तो माझ्यापेक्षा चांगला होता. मी कपाटात गेलो. रागावलो नाही, पण वाईट वाटले.

मग एका बर्फाळ दुपारी डोरीनचा फोन आला. आयलीने नवा कॅमेरा घेतला आणि अडीनडीला असावा म्हणून मला पिशवीच्या तळाशी ठेवले.

खोलीत जोलीन पलंगावर टेकून बसली होती. लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवणारा तिचा नवरा ट्रॅव्हिस बाळाला छातीशी धरून शेजारी होता. बाळाचे नाव एल्सी. आयली हळूच फिरत फोटो काढू लागली. ट्रॅव्हिस दगडासारखा ताठ बसला होता.

थोड्या वेळाने त्याने विचारले, "बाई, काढताय ना?"

"काढतेय. बरेच झाले."

"मला काही कळतच नाहीये. कधी हलू, कधी नको." त्याने नव्या कॅमेऱ्याकडे पाहिले. "वाजणारा नाही का एखादा?"

"आहे. पण तो फार मोठ्याने वाजतो."

"वाजू दे. सकाळपासून इथे सगळे कुजबुजतायत. दारंसुद्धा आवाज न करता लावतात. माझी पोरगी इथे आली होती, बाई. त्याचा काहीतरी आवाज होऊ दे की!"

आयलीने मला बाहेर काढले.

खटाक्!

जोलीन एकदम मोठ्याने रडली. सकाळपासून ती रडली नव्हती. ट्रॅव्हिसने तिच्या खांद्यावर हात टाकला, बाळाची टोपी सारखी केली आणि म्हणाला, "अजून एक." मी वाजलो. त्याने एल्सीच्या चिमुकल्या मुठीखाली आपले बोट सरकवले. "अजून एक." मग तो तिच्याशी बोलू लागला, "एल्सी, बघ गं, तुझा फोटो काढतायत." प्रत्येक खटक्यासरशी त्याचे ताठ खांदे थोडे सैल होत गेले.

माझे फोटो जरा खरखरीत आले, नव्याचे नितळ आले. आयलीने दोन्ही दिले.

विवीने विचारले, "मग काय ठरलं? जुना काढून टाकायचा ना?"

आयली म्हणाली, "ते मी नाही ठरवणार गं. ज्यांचं बाळ आहे, ते ठरवतील."

तेव्हापासून ती दारातच विचारते, आवाज चालेल का? बहुतेकांना शांतता हवी असते. तेव्हा नवा पुढे होतो आणि मी पिशवीत पडून राहतो. ते योग्यच आहे. पण कधीतरी कोणी म्हणते, "चालेल."

आता माझा पडदा थकला आहे. त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, असे दुरुस्तीवाल्याने सांगितले. म्हणून आयलीने मला लग्नांना आणि हॉकीला नेणे बंद केले. उरलेले खटके ती त्या खोल्यांसाठी राखून ठेवते. मऊ कापडाने पुसते, ओल लागू देत नाही.

मित्रांनो, नवे जरूर आणा. पण जुने टाकण्याआधी एकदा विचारा, याची कोणाला गरज आहे का? आणि ज्याचे दिवस थोडे उरले आहेत, त्याला जपून वापरा. माझ्यात किती खटके शिल्लक आहेत, मला माहीत नाही. ज्या खोलीत बाळाचा आवाज यायला हवा होता, तिथे कोणी मागितला, तर निदान माझा तरी यावा.