उलट्या आट्यांचा खुंटा

मी एक पोलादी खुंटा बोलतोय. वर रुंद खांदा, खाली करंगळीच्या पेराएवढं टोक आणि टोकावर स्क्रूसारखे आटे. १९९८ साली बनारसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत वासुदेवकाकांनी मला लेथवर घडवलं. काका दुर्गाघाटावर राहणारे, तीस वर्षं याच कामात मुरलेले. निवृत्तीला दोन महिने उरले होते.

माझं काम तेव्हा अगदी नवं होतं. अॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांच्या सांध्यात मी गरगरत शिरायचो. घासून घासून धातू वितळत नसे, पण कणकेसारखा मऊ व्हायचा. तो ढवळत मी पुढे सरकायचो, मागे पत्रे एकजीव व्हायचे.

पुरात अडकलेली माणसं काढायला एक नाव बांधली होती. तिचा तळ मी जोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा पाहुणे घेऊन ती गंगेपलीकडे रामनगरला जायची होती. सांधे आरशासारखे गुळगुळीत दिसत होते. जो येई तो काकांची पाठ थोपटी.

संशोधन करणारी मालविका मात्र मला बोटांत फिरवत उभी होती.

"काका, आटे उजवे पाडलेत?"

"मग? आट्यांची चूडी उजवीच असते."

"आपलं यंत्रही उजवीकडेच फिरतं. म्हणजे हे आटे धातू वर ओढतात, खाली दाबत नाहीत. आत पोकळी राहिली असेल."

काकांचा चेहरा उतरला. "तीस साल झाली, माझ्या कामाला कुणी बोट लावलं नाही."

"उद्या तिच्यात माणसं बसतील, काका."

काकांनी त्याच सांध्याची कापून उरलेली पट्टी उचलली, उभी धरली आणि वरच्या टोकावर पाणी ओतलं. काहीच झालं नाही. मग खालून एक थेंब पडला, पाठोपाठ दुसरा, आणि बारीक धार लागली. सांध्याच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत भोक होतं.

काका तडक विभागप्रमुख श्रीनिवास सरांकडे गेले. "नाव थांबवा. चूक माझी आहे."

"पाहुण्यांना काय सांगू?"

"तुम्ही नका सांगू. मी सांगतो."

त्यांनी मला तापवून मऊ केलं, जुने आटे उतरवले, डावे पाडले आणि पुन्हा पाणी देऊन कडक केलं. मी जरा बारीक झालो. तळ नव्याने जोडला. या वेळी पट्टीतून थेंबही आला नाही.

तरी पहिल्या फेरीला काका एकटेच निघाले, नावाड्याला घेऊन. मी त्यांच्या खिशात होतो. भर प्रवाहात त्यांनी वाकून तळावरून तळवा फिरवला. कोरडा होता. तेव्हा कुठे ते टेकून बसले.

पुढे शेकडो सांधे केले आणि टोक झिजलं. आता मी मालविकाच्या टेबलावर कागद दाबून असतो. माझ्यासारखे खुंटे घडवणाऱ्यांना एकच विनंती: सांधा कितीही देखणा दिसो, माणसं बसण्याआधी एक पट्टी कापून बघा.