फिरती फ्रेम

वहिनीला टीममध्ये घ्यायचं मिठूनेच ठरवलं होतं, आणि पुढे तिला स्वतःचा सगळ्यात जास्त राग आला तो याच गोष्टीचा.

मिठू हे तिचं घरातलं नाव. एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून पडलेलं. कॉलेजातले वक्तृत्वाचे कप बहुतेक तिचेच. घरातली हुशार म्हणजे मिठू, हे आईने येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्या वेळा ऐकवलं होतं की तिच्या मोठ्या दादाने त्या शर्यतीत कधी भागच घेतला नाही. तो शिक्षण आटोपून मुकाट्याने बाबांच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभा राहिला. दुकान खाली, घर वर. दादाचं लग्न झालं, वहिनी आली. तिचं शेवटचं वर्ष राहून गेलं होतं, ते पूर्ण करायला तिने मिठूच्याच कॉलेजात, मिठूच्याच वर्गात प्रवेश घेतला. मिठूने तिला हाताला धरून सगळं दाखवलं. लायब्ररी, कँटीन, कुठले सर हजेरी घेतात आणि कुठले नुसतंच घेतो घेतो म्हणतात. वहिनी मागच्या बाकावर बसायची, फारसं बोलायची नाही. मिठूला ते आवडायचं. आपल्या पंखाखाली कुणीतरी आहे, असं वाटायचं.

मग ती स्पर्धा आली. धंद्याचा आराखडा मांडायचा, धंदा नफ्यातही चालला पाहिजे आणि त्यात कचरा, नासाडीही कमी झाली पाहिजे. टीम तिघांची. मिठू होती, हिशेब्या होता. वर्गातला हा मुलगा चहा पितानाही कपाच्या किमतीला दुधाच्या किमतीने भागायचा. तिसरी मुलगी ऐनवेळी दुसऱ्या टीममध्ये पळाली.

"वहिनी, तुझं नाव घालते," मिठू म्हणाली. "तुला काही करावं लागणार नाही. नुसतं बस."

मिठूची कल्पना दुकानातूनच आली होती. नवा चष्मा करून घेतला की गिऱ्हाईक जुना तिथेच टाकून जायचं. बाबांच्या मागच्या खोलीत अशा फ्रेमांनी खण भरले होते. काड्या वाकलेल्या, पण बाकी धडधाकट. त्या साफ करायच्या, दुरुस्त करायच्या आणि स्वस्तात विकायच्या. बाबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "टिकाऊ धंदा म्हणतेस? चष्मा फार टिकला तर धंदा कसा टिकायचा?" पण हसले नाहीत. बाबा विनोदही दुरुस्तीचं काम करावं तसे खाली मान घालून करायचे.

टीमला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमनी आराखडा ऐकला, स्वतःचा चष्मा काढला आणि मिठूसमोर धरला.

"घाल."

मिठूने घातला. फ्रेम कोमट होती. कानामागे कुणाचं तरी बोट टेकल्यासारखं झालं.

"कसं वाटतंय?"

"दुसऱ्याचा चष्मा घातल्यासारखं," हिशेब्याच बोलून गेला.

"झालं तर मग," मॅडम म्हणाल्या. "नवीन काहीतरी आणा."

दोन-चार दिवस मिठू चिडचिड करत फिरली. संध्याकाळी दोघी भांडी घासत होत्या, तेव्हा वहिनी नळाखाली हात धरूनच म्हणाली, "मोठी माणसं नाही घालणार गं. पण लहान मुलांचं वेगळं असतं. फ्रेम मोडत नाही, चेहराच वाढतो. माझ्या भावाच्या कितीतरी चांगल्या फ्रेमा अशाच वाया गेल्या. मग आईने शक्कल काढली, वाढत्या अंगाचे कपडे घेतात तसा वाढत्या नाकाचा चष्मा घेतला. पोरगं वर्षभर तो वर ढकलत बसलं."

"मग?"

"मग विकायचीच नाही ना फ्रेम. वापरायला द्यायची. लहान झाली की परत आणा, मोठी घेऊन जा. आपण ती साफ करायची, नाकावरच्या गाद्या नव्या बसवायच्या, पुढच्या मुलाला द्यायची. शाळेची पुस्तकं नाही का फिरत, तशी."

मिठूच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. आधी तिला आनंद झाला, अगदी खरा. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आत शिरलं. चष्म्याच्या दुकानावर मी वाढले, आणि हे हिला सुचलं.

मॅडमना तिने सांगितलं, "आम्ही खूप विचार केला." नाव दिलं, फिरती फ्रेम. नाव मात्र मिठूचंच होतं. मॅडम खूश झाल्या, मग प्रश्न विचारायला लागल्या. एक फ्रेम किती मुलांना पुरेल? बिजागरी किती टिकते? मिठूने तोंड उघडायच्या आत मागून वहिनी म्हणाली, "बाबांना विचारते."

आणि तिने खरोखरच विचारलं. तिथून सगळं सुरू झालं.

काचा घासायचं मशीन मागच्या खोलीत होतं. लहानपणी मिठू त्या खोलीच्या दारात उभी राहायची. ओल्या दगडावर काच टेकली की सर्र आवाज व्हायचा आणि पांढरं पाणी ओघळायचं. बाबा वर न बघता म्हणायचे, "वर जा, अभ्यास कर." ती जायची. त्या खोलीत स्टूल एकच होतं आणि ते बाबांचं होतं.

एक दिवस कॉलेजातून आली, तर त्या स्टुलावर वहिनी बसली होती. बाबा मागे उभे होते. तिच्या बोटांत काच होती आणि बाबा बोटानेच हवेत गोल काढून दाखवत होते. "दाबू नकोस. काचेला जाऊ दे तिच्या कलाने." काच टवका उडून फुटली. मिठूला वाटलं, आता बाबा ओरडणार. बाबा हसले. मोठ्याने, दात दिसतील असे.

"पहिली सगळ्यांची फुटते, सूनबाई," ते म्हणाले. "घे, दुसरी."

मिठू दारातून परत फिरली. जिन्यात तिला आपले पाय फार मोठ्याने वाजतायत असं वाटलं.

त्यानंतर घरात जेवतानाही बिजागऱ्या सुरू झाल्या. बाबा, जे वर्षानुवर्षं ताटाशी फक्त "मीठ" एवढंच बोलायचे, ते आता स्क्रूच्या आट्यांवर बोलायला लागले. आई म्हणाली, "पोरीला हात आहे हो." दादा बायकोकडे असा बघायचा, जणू ती कुठली तरी परीक्षा पास होऊन आली आहे. हिशेब्यासुद्धा दर वाक्याला, "वहिनींना विचारू या." त्याची ती कुठली वहिनी!

मिठूने उघड काही केलं नाही. बारीकसारीक मात्र पुष्कळ केलं. मॅडमसमोर वहिनीचा एखादा इंग्रजी शब्द अडखळला की ती गोड आवाजात दुरुस्त करायची. बजेटची मीटिंग असली की म्हणायची, "तू घरी जा वहिनी, कंटाळशील." एकदा वहिनी बोलत असताना ती फोनमध्ये बघत राहिली, आणि फोनमध्ये बघण्यासारखं काहीच नव्हतं. तिला हे सगळं कळत होतं. कळून थांबता येत नव्हतं. खालून मशीनचा सर्र आवाज आला की वाचत असलेली ओळ तिला परत पहिल्यापासून वाचावी लागायची.

टीम अंतिम फेरीत गेली. नियम असा की स्टेजवर दोघांनीच जायचं. मॅडमनी मिठूला बाजूला बोलावलं. "तू आणि तुझी वहिनी. तू बोल, प्रश्न आले की ती." हिशेब्याची काहीच तक्रार नव्हती. "माझे आकडे स्क्रीनवर आहेतच," तो म्हणाला. "मी बोललो की लोक झोपतात."

संध्याकाळी वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. मिठू दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "स्टेजवर मी आणि हिशेब्या जातोय. तुला सवय नाही, उगाच टेन्शन नको."

वहिनीचा हात थांबला. "मॅडम काय म्हणाल्या?"

"त्यांनी माझ्यावर सोडलंय."

वहिनीने घडी पूर्ण केली. "चालेल," ती म्हणाली.

हिशेब्याला मिठूने सांगितलं, वहिनी घाबरली. त्याने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण विचारलं काही नाही.

स्पर्धेच्या दिवशी मिठू बोलली ते मात्र खरोखर सुंदर बोलली. सभागृह भरलेलं होतं. बाबा दुकान बंद ठेवून आले होते, कधी नव्हे ते इस्त्रीचा शर्ट घालून. वाढत्या नाकाच्या चष्म्याचा किस्सा तिने असा रंगवला की परीक्षकही हसले. एका परीक्षकांनी विचारलं, "फारच छान. ही कल्पना मूळ कुणाला सुचली?"

"टीमला," मिठू म्हणाली. "आमच्या टीमला." शेजारी हिशेब्याने तोंड उघडलं आणि मिटलं.

पहिला नंबर आला. मिठू कप घेऊन गर्दीतून वाट काढत बाबांकडे धावली. बाबांनी कप हातात घेतला, खालून-वरून बघितला. "छान बोललीस," ते म्हणाले, आणि लगेच तिच्या डोक्यावरून पलीकडे बघायला लागले. "सूनबाई कुठाय? तिला का नाही बोलावलं वर?"

तेवढ्यात वहिनीला घेऊन मॅडमच आल्या. "अभिनंदन! पण हिला का नाही आणलंस स्टेजवर? मी तुला दोघींचं सांगितलं होतं ना?"

मिठूचा चेहरा कानापर्यंत तापला. वहिनीने तिच्याकडे नाही, कपाकडे पाहिलं.

सगळे घरी परतले. जिन्यात दोघीच मागे राहिल्या, तेव्हा ती थांबली.

"मी चालेल म्हटलं होतं मिठू. मला चाललं, असं नव्हतं म्हटलं."

"वहिनी, ऐक ना..."

"मी भांडणार नाही. ते स्क्रीनवरचं तुझं तू ठेव. मी दुकानात करणार आहे, खरोखरचं. बाबांशी बोललेय."

बक्षीस म्हणून टीमला कॉलेजात धंदा सुरू करायला जागा मिळाली. एका खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि वर 'फिरती फ्रेम' अशी पाटी. मिठू आणि हिशेब्या तिथे जाऊन बसायचे. हिशेब्याने एक दिवस पेन खाली ठेवलं.

"आपल्याकडे फ्रेम नाही, काच नाही, मूल नाही," तो म्हणाला. "आपल्याकडे टेबल आहे." आणि जरा थांबून, "त्या घाबरल्या नव्हत्या ना?"

"नव्हती," मिठू म्हणाली. हिशेब्या उठून गेला. दुसऱ्या दिवशी आला, पण पाटीखालच्या खुर्चीत बसला नाही.

इकडे दुकानात दादाने मुलांच्या उंचीचा एक रॅक ठोकला होता. जवळच्या शाळेतली मुलं आयांचे हात ओढत यायला लागली. वर मिठूला त्यांचा चिवचिवाट ऐकू यायचा, मध्येच वहिनीचा आवाज, मध्येच मशीन. ती पुढून जायचं टाळायची. मग एका दुपारी, दादा आणि वहिनी वर जेवत असताना, ती मागच्या खोलीत शिरली. बाबा एक काच उजेडात धरून बघत होते.

"मला का नाही शिकवलंत?" तिने विचारलं. तिला रडायचं नव्हतं, पण आवाजाने दगा दिला.

बाबांनी काच खाली ठेवली. "तुला कशाला हे? धूळ, पाणी, पाठदुखी. तुझी बुद्धी बघून मी ठरवलं होतं, हिला यात अडकवायचं नाही."

"आणि वहिनीला अडकवलंत?"

"तिने विचारलं, शिकवाल का."

"मी रोज दारात उभी राहायचे!"

"राहायचीस," बाबा म्हणाले. ते बराच वेळ फडक्याने बोटं पुसत राहिले. "मला वाटायचं, अभ्यास टाळायला आलीस. चुकलंच माझं ते."

बाबांना चूक कबूल करताना मिठूने पहिल्यांदाच पाहिलं. तिला वाटलं होतं, असं झालं की आत काहीतरी निवळेल. फारसं निवळलं नाही.

"आता शिकवा."

"मुलांचं काम सगळं तिच्याकडे आहे," बाबा म्हणाले. "तिला विचार."

तिला विचारायचं! त्यापेक्षा ते कॉलेजातलं टेबल डोक्यावर घेऊन गावभर फिरणं सोपं होतं. मिठूने दोन दिवस घालवले. मग स्वयंपाकघरात वहिनीला गाठून एका दमात सगळं सांगितलं. तुझ्याशी खोटं बोलले, मॅडमनी माझ्यावर काही सोडलं नव्हतं, त्यांनी तुझंच नाव घेतलं होतं. कल्पना तुझी होती. मला तुझा हेवा वाटतो, अजून वाटतो, आत्ता या क्षणीसुद्धा.

वहिनीने विचारलं, "मॅडमना सांगितलंस?"

"नाही."

"आधी तिथे सांग. हिशेब्यालाही सांग. मग खाली ये."

मिठूने सांगितलं. मॅडमनी मान डोलावली आणि स्पर्धेच्या ऑफिसला कळवते म्हणाल्या, दिलासा मात्र दिला नाही. संध्याकाळी मिठू खाली गेली. वहिनीने तिच्यापुढे परत आलेल्या फ्रेमांचा डबा ठेवला, एक मऊ ब्रश दिला. "साबणाच्या पाण्यात. बिजागरीत मळ राहता कामा नये." मिठूने घासलेल्यातल्या निम्म्या फ्रेमा वहिनीने न बोलता परत पाण्यात टाकल्या. मिठूने त्या पुन्हा घासल्या. मनातल्या मनात ती काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

महिनाभर ती तेच करत होती, मग गाद्या बसवायला शिकली, मग काड्या गरम करून वाकवायला. हिशेब्याही आता दुकानाच्या पायरीवर बसून फ्रेमांचं गणित मांडायचा आणि वहिनीशीच बोलायचा.

एका शनिवारी एक लहान मुलगी आली. चष्मा इतका घट्ट झाला होता की कानशिलांवर लाल वळ उठले होते. वहिनीला आत मशीनवर काम होतं. तिने मोजपट्टी मिठूच्या हातात दिली. "हिचं तू बघ."

मुलीने मिठूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मला त्या ताई पाहिजेत."

मिठूच्या छातीत परिचयाची कळ आली. आतून बाबांचा आणि वहिनीचा बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. ती गुडघ्यांवर बसली, पट्टी मुलीच्या नाकाजवळ आडवी धरली. दोन बुबुळांमधलं अंतर घ्यायचं होतं, त्यासाठी नजर स्थिर हवी. मुलगी सारखी आतल्या खोलीकडे बघत होती.

"इकडे," मिठू म्हणाली. "माझ्याकडे बघ."