आत्यानं लावलेली कोठी

मी एक कोठी आहे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ते अरुंद दार दिसतं ना, ते उघडलंत की मी. रुंदीला दाराएवढीच, पण आत बघाल तर खोलच खोल. नवे पाहुणे मला न्हाणीघर समजून दार उघडतात आणि ओशाळून लावून घेतात.

माझा जन्म चुकून झाला. घर बांधताना गवंड्याच्या मापात गफलत झाली आणि जिना व स्वयंपाकघर यांच्यामध्ये बोळासारखी जागा उरली. ती बुजवून टाकायचं ठरत होतं, पण सुतार म्हणाला की बुजवू नका, फळ्या ठोकून देतो. त्यानं दारापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत पाच लांबलचक फळ्या ठोकल्या. खांद्यापर्यंत हात घातला तरी भिंत वीतभर लांबच राहायची. पुढे माझं जे काही झालं, ते त्या वीतभर जागेमुळेच.

घरात राहायला आले ते एक लहानसं कुटुंब. आई रुग्णालयात परिचारिका, तिच्या कामाच्या वेळा दर आठवड्याला बदलणाऱ्या. बाबा छापखान्यात यंत्र चालवायचे. मुलगी नऊ वर्षांची. ती सतत काहीतरी गुणगुणायची, म्हणून तिला सगळे भुंगा म्हणत. माणसं प्रेमळ होती, पण कायम घाईत. आठवड्याचं सामान आलं की जो आधी पोहोचेल तो ते माझ्यात पुढून ढकलायचा आणि दार लावून पळायचा. पुढचं सामान मागच्याला आणखी मागे रेटायचं.

अशानं माझ्या पोटात काय काय साठलं म्हणून सांगू! मक्याच्या पिठाची तीन पाकिटं, तिन्ही अर्धी फोडलेली. मुदत उलटून दोन वर्षं झालेले वाटाणे. भुंगाच्या पहिल्या वाढदिवसाच्या मेणबत्त्या. आणि बाबांचा चष्मा, जो घरभर सहा महिने शोधला गेला. तो माझ्याकडे कसा आला? एके दिवशी बाबा बिस्किटं शोधायला फार आत वाकले होते, एवढंच सांगते.

मग आत्या आली. ही बाबांची मोठी बहीण. तीस वर्षं ती एका बस आगारात भांडारपाल होती. हजारो सुटे भाग तिच्या ताब्यात असायचे आणि कुठला बोल्ट कुठल्या खणात आहे हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. पण निवृत्तीनंतर तिची नजर अधू होत गेली. समोरचं माणूस धुरकट दिसे, अक्षरं तर दिसतच नसत. एकटीनं राहणं अवघड झालं, तेव्हा बाबा तिला घेऊन आले.

सगळ्यांनी तिला एकच सांगितलं, की आयुष्यभर राबलात, आता आराम करा. आराम तिला दोन दिवसही मानवला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सकाळचा चहा आणि भुंगाचं दूध स्वतःकडे घेतलं. माझे सगळे डबे एकसारखे. त्यातला साखरेचा डबा तिनं झाकणावरून ओळखून ठेवला. त्या झाकणाला अंगठ्याएवढा पोचा होता. दुसरी फळी, उजवा कोपरा, पोचा. रोज सकाळी तिची बोटं त्या पोच्यावर येऊन थांबायची आणि मलाही बरं वाटायचं. इतक्या वर्षांत माझ्यातली वस्तू पहिल्याच हाताला सापडावी असं कधी झालं नव्हतं.

एका सकाळी भुंगानं दुधाचा घोट घेतला आणि ती किंचाळली. दुधात साखर नव्हती, कपडे धुण्याचा सोडा होता. आईनं तिला लगेच चूळ भरायला लावली, तोंड तपासलं, डॉक्टरांकडे नेऊन आणलं. जीभ पोळली होती, बाकी काही नव्हतं. दुपारी भुंगा नेहमीसारखी जेवली.

आत्याला कोणी रागावलं नाही. तिनं चुकून शेजारचा डबा घेतला असणार, असं सगळ्यांनी मनाशी धरलं. आईनं तो सोड्याचा डबा न्हाणीघरात नेऊन ठेवला आणि संध्याकाळी हळूच म्हणाली, "ताई, उद्यापासून दूध मी करत जाईन. तुम्ही नका त्रास घेऊ."

आत्या "बरं" म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. त्यानंतर आठवडाभर ती स्वयंपाकघरात आलीच नाही. त्या सकाळीसुद्धा आपल्या बोटांना पोचा लागला होता असं तिला आठवत होतं. पण सगळे वेगळं म्हणत होते. मग तिला आपल्याच बोटांचा भरवसा वाटेना. खरं काय घडलं ते मी पाहिलं होतं. पण आम्हां कोठ्यांना सांगता येत नाही, नुसतं साठवता येतं.

आठव्या दिवशी सगळे कामावर आणि शाळेत गेल्यावर आत्या आली. माझ्यासमोर स्टूल ओढून बसली आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागली. हलवून बघायची, वजनाचा अंदाज घ्यायची, झाकण उघडून वास घ्यायची. डाळी एकीकडे, पिठं दुसरीकडे, मुदत उलटल्याचा संशय येईल ते तिसरीकडे. मागच्या वीतभर जागेसाठी तिनं चक्क झाडूचा दांडा वापरला. दुपारपर्यंत माझ्या पाचही फळ्या मोकळ्या झाल्या. सुताराचा हात फिरला होता त्यानंतर पहिल्यांदाच कोणी माझी मागची भिंत पुसली.

सगळे डबे चाचपून झाल्यावर ती थबकली. पुन्हा एकेक झाकण चाचपलं. पोच्याचं झाकण त्यात नव्हतं. ती उठली, भिंतीला धरून न्हाणीघरात गेली आणि परत आली तेव्हा तिच्या हातात सोड्याचा डबा होता. तिचा अंगठा झाकणावरच्या पोच्यात अगदी नेमका बसला होता. तो डबा मांडीवर घेऊन ती पुन्हा स्टुलावर बसली.

आई थकून घरी आली तर पाय ठेवायला जागा नाही. एवढा पसारा का मांडलात, असं तिनं विचारलंच. आत्या म्हणाली, भाऊ येऊ दे, मग सांगते. बाबा आले तसा तिनं डबा त्यांच्या हातात दिला.

"झाकण चाचपून बघ."

"पोचा आहे."

"हा साखरेचा डबा. मी डबा बरोबरच घेतला होता."

बाबा तिथेच, डाळी आणि पिठांच्या मध्ये, जमिनीवर बसले. "आदल्या दिवशी सोड्याची पिशवी फाटली होती," ते म्हणाले. "साखर संपून हा डबा रिकामा झाला होता. मीच यात सोडा ओतला, तात्पुरता. आणि साफ विसरलो. ताई, चूक माझी होती आणि बोल तुला लागला."

"मला कोणी बोल लावलाच नाही रे," आत्या म्हणाली. "लावला असता तर भांडले तरी असते."

आई तिच्याशेजारी बसली आणि तिचा हात हातात घेतला. मग भुंगानं विचारलं, "म्हणजे उद्या दूध आत्याच करणार ना?" तेव्हा कुठे सगळ्यांना हसू आलं.

पुढचे दोन दिवस सुट्टीचे होते आणि हुकूम आत्याचा. पहिला हुकूम असा की धुण्यापुसण्याचं काहीही पुन्हा माझ्यात यायचं नाही. छापखान्यात कागद ज्यांतून येतात ती लाकडी खोकी बाबांनी आणली, फळीच्या लांबीएवढे अरुंद ट्रे केले आणि पुढे मुठी बसवल्या. आता ट्रे ओढला की मागची वस्तूही आपणहून बाहेर येते. रोजचं सामान कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर, तांदूळ आणि पीठ खाली, कधीमधी लागणारं वर. नवं आणलेलं मागे, जुनं पुढे. साखरेच्या डब्याला एक रबर, मिठाच्या डब्याला दोन. भुंगानं मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या, तेव्हा आत्या म्हणाली, "लाव हो. मला रबर पुरेत, डोळसांचीच पंचाईत व्हायची." त्या वेळी बाबा आपला सापडलेला चष्मा पुसत होते.

त्याला आता वर्ष झालं. मध्यंतरी आत्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी दहा दिवस रुग्णालयात होती. नजर आहे तेवढी टिकेल, वाढणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती घरी आली त्या दिवशी सगळ्यांना त्याचीच काळजी होती. मला वेगळीच धास्ती होती. दहा दिवस ही घाईची माणसं आणि मी, एवढेच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दार उघडलं. ट्रे ओढला. एक रबर, दोन रबर. तांदूळ खाली, जुनी डाळ पुढे, नवी मागे. एकही वस्तू इकडची तिकडे झाली नव्हती. मग तिचा हात एका नव्या डब्यावर थांबला. त्याला तीन रबर होते.

"हे तीन कशाचे?" तिनं विचारलं.

"कॉफी," बाबा पाठीमागून म्हणाले. "आगारात तू रोज कॉफी प्यायचीस. इथे आलीस आणि आमच्यासाठी निमूट चहा पीत राहिलीस. आम्ही कधी विचारलंच नाही."

आत्यानं झाकण उघडून वास घेतला आणि आधण ठेवलं.

मी सुखात आहे. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल, सामानानं कोंबलेली. तिच्यासाठी एक दिवस काढा. तिचं सगळं पोट रिकामं करा आणि पुन्हा भरण्याआधी घरातल्या प्रत्येकाला विचारा, तुला काय लागतं, आणि तुझा हात कुठवर पोहोचतो? चला, दूध उतू जायच्या बेतात आहे. साखरेसाठी आत्या येईलच.