घडे खाली ठेवा

मार्तंडराव झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते आणि मराठीच्या बाबतीत भलतेच सोवळे. दिवसभर "हाँ भैया, रसीद दिखाओ" करून घसा बसायचा, पण घरात कुणी हिंदी शब्द काढला की यांचं डोकं फिरलंच! लेक इंदू लग्न होऊन आसामात गेली. जावई नीलकंठ तिकडे रेल्वेत तारबाबू. तिची पत्रं निम्मी हिंदीत. मग हा गृहस्थ काय करायचा? लाल पेन्सिलीने चुका दुरुस्त करून पत्र तिलाच परत पाठवायचा. लेकीवर माया करायची ही तऱ्हा, आता काय बोलावं!

मार्गशीर्षात इंदूने ओळखीच्या गार्डाबरोबर पेटीत, ओल्या शेवाळाच्या कुंडीत बसवून एक रोप पाठवलं. घटपर्णी. पानाच्या टोकाला बोटभर घडा, त्यात पाणी, वर झाकण. माशी आत पडली की झाडाने ती खाल्लीच म्हणून समजा. "अगंबाई, हे तर मांसाहारी!" म्हणत इंदूच्या आईने, कमळाबाईंनी, कुंडी तुळशीपासून चार हात लांब ठेवली.

सोबत पत्र होतं. "बाबा, फाल्गुनात नव्या पानांचे पहिले घडे वेडेवाकडे येतील, देठं पीळ खात वर चढतील. भिऊ नका. घडे खाली ठेवा."

"खाली म्हणे! पुन्हा हिंदी! ही पोरगी काही सुधारायची नाही," मार्तंडराव चिडले. 'खाली' खोडून त्यावर त्यांनी 'रिकामे' लिहिलं. कमळाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांना पत्र वाचून दाखवलं तेही दुरुस्त करूनच. मग ते परत टपालात पडलं.

माघात तार आली. इंदू तापाने गेली. चोवीस वर्षांची पोर, आणि आईबापांना तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

त्या दिवसापासून मार्तंडरावांचा सगळा जीव त्या कुंडीत. फाल्गुन लागला आणि खरंच, नव्या पानांची टोकं दोऱ्यासारखी पीळ खात वर निघाली. त्यांना अंगठ्याएवढे घडे, तोंडं वाकडी, एकाला तर दोन झाकणं. "बघ, पोर म्हणाली होती अगदी तस्संच!" म्हणत त्यांनी कमळाबाईंना हाताला धरून कुंडीपाशी नेलं. रोज सकाळी ते एकेक घडा वाटीत उपडा करायचे आणि धोतराच्या सोग्याने आतून पुसायचे.

"अहो, पाणी का ओतता त्यातलं?"

"इंदूने लिहिलंय. रिकामे ठेवा म्हणून."

मग कमळाबाईच वाटी धरू लागल्या.

घडे एकामागून एक काळे पडले. चैत्राचं ऊन तापलं तसं रोपही मान टाकू लागलं. मार्तंडराव ओलं फडकं पांघरत, आणि घडे पुसायला काही चुकत नसत.

चैत्र सरता सरता नीलकंठ इंदूची ट्रंक घेऊन आला. लुगड्यांच्या घडीत बापाने परत पाठवलेली पत्रं जपून ठेवलेली. सगळ्यात वर शेवटचं. लाल 'रिकामे'च्या खाली शिसपेन्सिलीची थरथरती ओळ होती.

"नाही हो बाबा. खाली म्हणजे खालीच, ओल्या शेवाळावर टेकवून. या खेपेला एकही हिंदी शब्द घातला नव्हता. तुम्ही शाबासकी द्याल वाटलं होतं."

"तापातच लिहिलं तिने," नीलकंठ हळूच म्हणाला. "टपालात टाकायचं राहून गेलं."

मार्तंडराव उठले. रोपाचा उरलेला एकच घडा त्यांनी दोन्ही हातांनी अलगद शेवाळावर टेकवला. तो हातातच तुटून आला.

"मीच मारलं गं हे," ते कमळाबाईंना म्हणाले आणि लहान मुलासारखे हमसाहमशी रडले.

मग त्यांनी लाल पेन्सिल मागितली. 'रिकामे' खोडलं, 'खाली' पुन्हा लिहिलं, शेजारी लिहिलं, 'बरोबर आहे. शाबास, बाळ.' सवयीने पत्राची घडी घातली, पाकिटात घातलं आणि पत्ता लिहायला घेतला. 'चि. सौ. इंदू' एवढं लिहून झाल्यावर त्यांचा हात थांबला.